रायझन ५८००एक्स, २४० चा एआयओ आणि एक्सपोर्ट लावताच ९० अंश: काय तपासू?

संकलक_नागपूर
नमस्कार मंडळी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, डाविंची रिझॉल्व्हवर. मशीन २०२१ मध्ये जोडलेलं: रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, २४० मिमी रेडिएटरचा एआयओ लिक्विड कूलर (पंप-नळ्या-रेडिएटर एकत्र जोडलेला, पाण्यानं प्रोसेसर थंड करणारा). रेडिएटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, पंखे हवा आत ओढतात. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती. आता नुसता ब्राउझर उघडा असला तरी ६५-६८ दाखवतो आणि एक्सपोर्ट लावला की ९० वर जाऊन चिकटतो. प्रोसेसरचा वेग, म्हणजे क्लॉक, ४.४ वरून ३.६ गिगाहर्ट्‌झवर येतं. पंखे इतके बोंबलतात की हेडफोन घातल्याशिवाय सनईसुद्धा ऐकू येत नाही.

हो, नागपूर आहे, मे आहे, डेझर्ट कूलर लावूनही खोली ३५ च्या खाली येत नाही. पण मागच्या मे महिन्यातही नागपूर इथंच होतं आणि मशीन व्यवस्थित चालत होतं.

दुकानदार म्हणतो, "पंपाचा आरपीएम २८०० दिसतोय, म्हणजे कूलर चांगला आहे. प्रोसेसर गेला, बदला." लग्नसराई चालू आहे, मशीन बंद ठेवणं परवडत नाही. खरंच प्रोसेसर जातो का असा?

ठाणेकर_बाळू
असा नाही जात. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधला उष्णता वाहणारा लेप, वाळली असणार. पुसा, नवीन लावा, चारही कोपरे सारखे आवळा. दीडदोनशे रुपयांचं काम.

सोल्डरबाबा
पेस्ट बदला जरूर, पण स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी उष्णता नेमकी कुठे अडलीय ते बघा. पुण्यात रिपेरिंगचं दुकान चालवतो, आणि माझं मत असं की लोक पेस्ट आधी बदलतात आणि विचार नंतर करतात.

उष्णतेचा रस्ता तीन टप्प्यांचा: चिपकडून तिच्यावर बसलेल्या पंपाच्या तांब्याच्या प्लेटला, प्लेटकडून पाण्यातून रेडिएटरला, रेडिएटरकडून खोलीला. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टीडायचा, म्हणजे चिपच्या तापमानाचा, ग्राफ उघडून ठेवा, मशीन थंड असताना एक्सपोर्ट सुरू करा. तापमान एकदोन सेकंदांत उडी मारून ८५-९० ला गेलं, तर पहिल्या टप्प्यात गडबड: पेस्ट किंवा ढिला स्क्रू. (थोडी उडी ५८००एक्सचा स्वभावच आहे. १४२ वॅट जवळजवळ सगळे एका नखाएवढ्या चिपमधून बाहेर पडतात, त्यामुळे ७०-७५ ला पटकन जाणं हा दोष नव्हे. एएमडीनं कमाल मर्यादा ९० ठेवलीय, तिथं पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. तुमचं तेच चाललंय.) तापमान हळूहळू, काही मिनिटांत चढत गेलं, तर पाणी तापतंय.

मग हात लावा. ९० दाखवत असताना रेडिएटरमधून बाहेर पडणारी हवा कोमट-गरम हवी. हवा गार असेल तर उष्णता रेडिएटरपर्यंत येतच नाही. दोन्ही नळ्या चाचपा: एक चांगली तापलेली आणि दुसरी खोलीइतकीच गार, म्हणजे पाणी जवळपास थांबलंय.

आणि दुकानदाराला सांगा, आरपीएम म्हणजे मोटर फिरतेय एवढंच. पाणी वाहतंय की नाही ते त्यात कळत नाही.

अकोल्याची_प्राजक्ता
भाऊ, कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवलं काय? आमच्याकडे बोअरचं पाणी. त्याचे बारीक थेंब उडून रेडिएटरच्या पात्यांवर पांढरा थर बसला होता, त्यावर धूळ, त्यावर वाळ्याच्या ताट्यांचा भुसा. कॅबिनेट बाजूला घ्या. ब्लोअरनं आतून बाहेर फुंका आणि पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जाते.

संकलक_नागपूर
प्राजक्ताताई, झोतातच होतं! भुशाची चक्क गोधडी निघाली. पण फरक फक्त दोन अंशांचा.

सोल्डरबाबा, ग्राफ हळूच चढतो. सकाळी चालू केल्यावर ४२, मग काही न करता वीसेक मिनिटांत ६५. रेडिएटरची हवा गार. पंपाजवळची एक नळी हाताला चटका देते, दुसरी थंडगार. सकाळी पहिल्यांदा चालू करताना गुळगुळ आवाजही येतो.

सोल्डरबाबा
मग प्रोसेसर निर्दोष सुटला. आत पाणी कमी झालंय, किंवा प्लेटच्या केसासारख्या बारीक खाचांत गाळ बसलाय. बहुतेक दोन्ही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं वाफ झिरपतच असते, थेंब गळताना कधी दिसत नाही. पाण्याची जागा हवा घेते. पंप सर्किटमध्ये सगळ्यात उंच नसला आणि रेडिएटरचं वरचं टोक त्याच्याहून वर असलं, तर ती हवा तिथं निवांत बसून राहते. पण पाणी फारच घटलं की फुगे पंपात येतात. ती गुळगुळ त्याचीच.

हा सीलबंद प्रकार आहे, उघडून भरायच्या भानगडीत पडू नका. बिल शोधा. काही मॉडेलला पाच वर्षांची वॉरंटी असते, उघडलंत तर तीही जाईल.

तोवर १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर एअर कूलर आणा. नागपुरात मी तोच कायमचा लावीन: बिघडू शकणारी एकच वस्तू, पंखा, आणि तो गल्लीत मिळतो. खोली ३५ असेल तर पाण्याचा असो की हवेचा, कोणताच कूलर चिपला ३५ च्या खाली नेणार नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) '६५ वॅट' नावाचा इको मोड लावा, नाव ६५ असलं तरी विजेची प्रत्यक्ष मर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते आणि वेग त्या मानानं फार कमी घटतो.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. तुमचा प्रोसेसर ज्या एएम४ सॉकेटमध्ये बसतो, त्या प्रकारात पिना प्रोसेसरला असतात. जुनी पेस्ट चिकटून बसते, आणि पंप सरळ वर ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून तापवा, बंद करा, प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि पंप डावी-उजवीकडे पिळत पिळत सुटा करा. सुटल्याशिवाय उचलू नका.

ठाणेकर_बाळू
टॉवर घेण्याआधी उंची मोजा. काचेच्या दारापर्यंत जागा हवी, आणि पहिल्या स्लॉटमधली रॅम उंच असेल तर पंखा तिच्यावर चढतो.

संकलक_नागपूर
सीताबर्डीवरून टॉवर आणला, १५५ मिमी, दार लागतं. पिळून काढला, प्रोसेसर जागेवरच राहिला. इको मोडमध्ये, खोली ३६ असताना, पूर्ण एक्सपोर्टभर ७६-७८. रिकामा असताना ४६. एक्सपोर्टला आधीच्या चांगल्या दिवसांपेक्षा किंचित जास्त वेळ लागतो, पण संगीतचा व्हिडिओ आज गेला.

बिल जुन्या मेलमध्ये सापडलं, वॉरंटी ऑगस्टपर्यंत आहे. कूलर पाठवतोय. बदली आला तर भावाच्या मशीनला.