रीसेट करण्याआधी टायर थंड असावेत

टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देणारा डॅशबोर्डवरचा दिवा हवा भरून रीसेटचे बटण दाबून धरले की विझतो, असे सांगितले जाते; ते बरोबर आहे, मात्र सगळ्या गाड्यांना लागू होत नाही. ज्या गाड्यांच्या चाकांत दाब मोजणारे सेन्सर नसतात, तिथे एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांच्या फिरण्याच्या वेगातला फरक ताडला जातो, आणि रीसेट करणे म्हणजे ‘आत्ताचा दाब योग्य आहे’ असे त्या यंत्रणेला सांगणे. मी एकदा लांबच्या प्रवासानंतर लगेच, टायर गरम असतानाच, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर दिलेला ३३ पीएसआय दाब जुळवला आणि रीसेट केले. टायर गार झाल्यावर, दुसऱ्या दिवशी पहाटे मोजले तर चारही चाकांत दाब २९ पीएसआयच निघाला. चारही सारखीच कमी असल्याने दिवा मात्र लागलेला नव्हता!

गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर दोष बहुधा हवेचा नसून यंत्रणेचा असतो. ज्या गाड्यांच्या चाकांत सेन्सर असतात, त्यांत सेन्सरची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षांत संपते आणि ती सहसा वेगळी बदलता येत नसल्याने सेन्सरच बदलावा लागतो. तिथे बटण कितीही वेळ दाबले तरी उपयोग होत नाही.