हेल्मेट नव्हतं म्हणून पाय मोडला काय?

अजनीची_मोठी
काल इथेच एकानं लिहिलं, "हेल्मेट नाही, लायसन्स नाही, ट्रिपल सीट, आणि वरून क्लेम ठोकायचा. विमा कंपन्या पैसे नाकारतात ते बरोबरच करतात." त्यावर धडाधड अंगठे. डोकं फिरलं, म्हणून लिहिते.

२०२१ मध्ये माझ्या धाकट्या भावाला नागपुरात हिंगणा रोडवर टिप्परनं मागून उडवलं. गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, आत सळई आहे. वायरमन माणूस, शिडी चढता येत नाही. टिप्परच्या विमा कंपनीच्या लेखी जबाबात काय होतं? अपघात झालाच नाही. झाला असेल तर आमची गाडी नव्हती. आमची असेल तर चूक याचीच. आमची चूक असेल तर ड्रायव्हरचं लायसन्स नव्हतं. आणि हे सगळं खरं निघालं तरी याची एवढी कमाई नव्हती! एकाच कागदावर पाचही.

उलटतपासणीत पहिला प्रश्न, "हेल्मेट घातलं होतं का?" भाऊ म्हणाला, "नाही." कंपनीच्या वकिलांनी पेन्सिलनं खूण केली आणि फाईल मिटायला लागले. हा तिथंच पॅन्ट वर ओढून दाखवतोय, "साहेब, मार इथे आहे."

वाडीचा_ट्रान्सपोर्टवाला
ताई, भावाचं वाईट वाटलं. पण आमचंही ऐका ना बाप्पा. रिंग रोडवर पोट्टे राँग साइडनं येऊन राहिले, कानात वायर, मागे दोन मित्र. धडकले की पहिले ट्रकची काच फुटते, मग एफआयआर आमच्या ड्रायव्हरवर. मोठी गाडी म्हणजे गुन्हेगार, हा कोणता न्याय?

आणि कंपनी वाचते म्हणता, मग मी काहून भरून राहिलो? माझ्या ड्रायव्हरचं लायसन्स चार महिने आधी संपलेलं. ट्रिब्युनलनं, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टानं, कंपनीला सांगितलं, आधी तुम्ही द्या, मग मालकाकडून घ्या. वीस वर्षं प्रीमियम भरला, शेवटी वसुलीची नोटीस माझ्या घरी.

सिव्हिल_लाइन्सचा_ज्युनियर
दोघंही अर्धं बोलताय. हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड आहे, तो शासनाला. भरपाईतून पैसे कापायचे तर त्या चुकीमुळे अपघात झाला किंवा मार वाढला, हे दाखवावं लागतं. पायाच्या मारात हेल्मेट कुठून आलं? डोक्याचा मार असेल तर मात्र वाद होतो आणि काही निकालांत रक्कम कापलीही आहे. ट्रिपल सीटबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा मोहम्मद सिद्दीक निकाल वाचा, २०२० चा. मोटरसायकलवर तिघं होते, मागून कारनं उडवलं. तिघं बसले म्हणून केलेली १० टक्के कपात रद्द झाली.

राँग साइडवाल्याची चूक सिद्ध करा, त्याच्या वाट्याचे पैसे कापले जातात. पण त्यासाठी ड्रायव्हरला साक्षीला आणावं लागतं. तुमचे ड्रायव्हर जामीन झाला की गावी पळतात.

तर्री_जास्त
हेल्मेट हेल्मेट काय लावलं बे? मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि डोक्यावर कुकर ठेवून फिरायचं? हे नियम करणारे एसी गाडीत बसतात. ओला दुपट्टा बांधतो आम्ही, बस झालं.

निवृत्त_सिस्टर
ऊन लागलेल्यांना सलाईन लावून उठवलंय मी. कॅज्युअल्टीत २६ वर्षं काढली. दुपट्टा बांधून आलेल्यांचा तो दुपट्टा कात्रीनं कापावा लागतो, रक्तानं केसांना चिकटलेला असतो. पुढचं लिहीत नाही. कुकर म्हणे!

तर्री_जास्त
घाबरवून राहिल्या तुम्ही. माझ्या काकाला हेल्मेटमुळे मागचा हॉर्न ऐकू आला नाही, तेव्हा पडले.

निवृत्त_सिस्टर
आणि डोकं?

तर्री_जास्त
डोक्याला काही झालं नाही.

निवृत्त_सिस्टर
😌

सिमेंट_पीडित
सगळे एकमेकांवर घसरून राहिले, रस्त्याचं कोणी बोलत नाही. सिमेंट रोड करून करून घर खाली गेलं, रस्ता वर गेला. कडेला वीतभर उंचवटा, खाली गिट्टी. माझी मोपेड तिथेच उलटली. मी कोणावर केस करायची, गिट्टीवर?

तर्री_जास्त
हे बरोबर बोलला भाऊ.

अजनीची_मोठी
भैताडासारखं कुठून कुठे नेऊन राहिले! माझ्या भावाला गिट्टीनं नाही, टिप्परनं उडवलं.

वाडीचा_ट्रान्सपोर्टवाला
ज्युनियर वकीलसाहेब, माझ्या वसुलीचं सांगा. काही होते का?

सिव्हिल_लाइन्सचा_ज्युनियर
२००४ च्या स्वर्ण सिंग निकालात आहे ते. मालकानं वाजवी काळजी घेतली असेल, तर लायसन्सच्या कारणावर कंपनीला हात झटकता येत नाहीत. बनावट लायसन्स खरं वाटून ड्रायव्हर ठेवला असता तर तुमची बाजू भक्कम होती. तुम्ही तारीखच पाहिली नाही. छोट्या गाड्यांपुरती चिंता कमी करा. एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालते, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानंही तेच सांगितलं. आणि वाचणाऱ्यांनो, १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. पेशंट बरा झाला की बघू, असं करू नका.

वाडीचा_ट्रान्सपोर्टवाला
बरं, चुकलो. आता दर महिन्याला सगळ्यांच्या लायसन्सचे फोटो मागवतो, माझाही ठेवलाय. खूश? पण राँग साइडवर माझं मत तेच आहे. ताई, तुमच्या केसचा निकाल लागला का?

अजनीची_मोठी
लागला. पायाचं अपंगत्व ४० टक्के, कंपनी म्हणे पूर्ण शरीराचं धरलं तर १५. ट्रिब्युनलनं शिडीचं काम पाहून ३० धरलं. हेल्मेटपायी एक रुपयाही कापला नाही. कंपनी हायकोर्टात गेली आहे, म्हणून अर्धीच रक्कम हातात आहे. भाऊ सध्या स्विचबोर्ड दुरुस्त करतो, खाली बसून.