टाळ्या खऱ्या असतीलच असं नाही
जुनं चित्रीकरण हाच विद्यापीठाच्या इतिहासाचा सर्वांत निर्भेळ पुरावा, असं मत मांडलं जातं; ते मला अर्धंच पटतं. असं चित्रीकरण वापरलेला माहितीपट बघताना फिल्मचं गणित लक्षात ठेवावं लागतं. १६ मिलिमीटर रुंद फिल्मचं १०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने जेमतेम पावणेतीन मिनिटं चालतं. चावी देऊन स्प्रिंगवर चालणारा कॅमेरा तर एका दमात साधारण अर्धा मिनिटच चाले. त्यामुळे तासाभराच्या दीक्षान्त भाषणातून हाती लागतात चार-दोन तुकडे, तेही बहुतेक वेळा मुके. हलक्या कॅमेऱ्यासोबत आवाज टिपणं १९६०च्या आसपास सोपं झालं. त्याआधीच्या समारंभात टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला, तर तो संकलनाच्या टेबलावर मागाहून जोडलेला असण्याची शक्यताच जास्त.

शिवाय महागडी फिल्म खर्च व्हायची ती पाहुणे, मिरवणूक आणि कोनशिला यांच्यावर. रोजचा वर्ग, वसतिगृहातली भांडणं, प्रयोगशाळेतला मदतनीस यांच्यावर कोण रीळ घालवणार? म्हणून मी अशा दृश्यांत व्यासपीठाकडे कमी आणि मागच्या रांगेकडे जास्त बघतो. मुली किती आहेत, कुठे बसल्यात, कोण उभं आहे, हे कॅमेऱ्याने नकळत टिपलेलं असतं. निवेदक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.