देवाला वाद्यं लागतात की नाही?

माहीमकरीण:
काल इथे कुणीतरी लिहिलं की "खरी भक्ती मौनात असते, ढोल-ताशे हा फक्त आपल्याकडचाच गोंगाट, बाकीचे धर्म बघा कसे शांतपणे प्रार्थना करतात." अहो, राहता कुठे? डिसेंबरात माहीमला या, मखदूमशहा बाबांच्या उरुसात पहिला संदल (चंदनाची मिरवणूक) पोलिसांचा, तोही पोलीस बँड लावून. बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू, १९व्या शतकापासून मराठीत कीर्तनं करत आलेत. मराठी चर्चमध्ये ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर चालतात. पारशांच्या अग्यारीत बोई देताना, म्हणजे पवित्र अग्नीला चंदन वाहताना, दिवसाच्या पाचही गेहला (प्रहरांना) घंटा वाजते. शांत काय डोंबल!

बिनआवाजी:
मीच लिहिलंय ते. सगळी खिचडी करू नका ताई. ज्यूंच्या पारंपरिक सिनेगॉगमध्ये शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाद्याला हात लावत नाहीत, रोश हशानाचा (ज्यू नववर्षाचा) शोफार, ते शिंगाचं वाद्यसुद्धा शब्बाथ आला की वाजत नाही. कीर्तन प्रार्थनेचा भाग नव्हे, ते वेगळं. नमाजातही वाद्य नसतं.

चाळकरी:
वाद्य नसतं पण भोंगा असतो ना?? त्यावर बोला की.

माहीमकरीण:
आला भोंगा. रात्री १० ते सकाळी ६ बंदी सगळ्यांनाच आहे, आणि लाउडस्पीकर कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं मुंबई हायकोर्टाने २०२५च्या जानेवारीत सांगितलंय. तुमच्या मंडळाच्या डीजेलाही ते लागू आहे बरं का. माझ्या मुलाने दहावीची चाचणी कानात कापूस घालून दिलीय.

बेंजोवाला:
डीजेचं नाव काढलंत म्हणून सांगतो, आमची बेंजो पार्टी होती, विसर्जनाला तारखा मिळायच्या नाहीत इतकी मागणी, मग मंडळाला बेस पाहिजे झाला आणि पोरं घरी बसली, आता कुणी रिक्षा चालवतंय कुणी सिक्युरिटीत आहे. वाद्य नको म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं.

सुरेल_गिरगाव:
डीजे वाईटच, पण पेटीचं काय? फिरंगी वाद्य, ना मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) ना श्रुती (बारीक स्वरभेद), ठोकळ सूर. ऑल इंडिया रेडिओने १९४० ते १९७१ उगाच बंदी नव्हती घातली. २०२२ला शिखांच्या सर्वोच्च पीठाने, अकाल तख्तानेही हरमंदिर साहिबमधून (सुवर्णमंदिरातून) पेटी हळूहळू काढा आणि रबाबसारखी तंतुवाद्यं आणा असं सांगितलं. वारीच्या दिंडीत बघा, वीणा, पखवाज, टाळ. बास.

बुवांचा_नातू:
आता मात्र हद्द झाली हां. माझे आजोबा डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजन-सामन्याचे बुवा, गिरणीतली पाळी करून परळला रात्रभर बारी, समोरच्या बुवाने गजर टाकला की पेटीवरच उत्तर. आजीच्या पाटल्या मोडून घेतलेली पेटी ती! ती काय मींड मोजायला घेतली होती? आम्ही काय रबाब घेऊन बसायचं भजनाला?

सुरेल_गिरगाव:
भावना ठीक आहेत हो, पण सूर भावनेने लागत नाही.

बुवांचा_नातू:
गिरगावातल्या एसी हॉलमध्ये तंबोरा छेडणाऱ्यांनी शिकवू नये. खालच्या मजल्यावर नळावरून भांडणं चालू असताना भजनाचा आवाज वरपर्यंत पोचवायचा असतो आम्हाला.

सुरेल_गिरगाव:
मी ट्रेनच्या डब्यात भजन करतो, सेकंड क्लास. एसी म्हणे. तुमच्या आजोबांची पेटी सोडून बाकी सगळ्या काढा, खूश?

बिनआवाजी:
मूळ मुद्दा मौनाचा होता.

बेंजोवाला:
मग तुम्ही धरा की. वाजवायची सुपारी कुणाकडे असेल तर मात्र मला मेसेज करा, माघी गणपतीच्या तारखा रिकाम्या आहेत.