एका क्लिकची खरेदी: सोय की सापळा?

निवांत:
परवा रात्री पडल्या पडल्या हेडफोन बघत होतो. स्क्रोल करताना अंगठा 'आत्ताच घ्या'वर पडला. पत्ता, कार्ड सगळं साठवलेलं, त्यामुळे ऑर्डर गेलीसुद्धा. रद्द करायला गेलो तर एकामागून एक स्क्रीन, प्रत्येकीवर 'नक्की ना?' घेताना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पैसे जाणार असतील तिथे मध्ये एक पायरी हवीच.

खटपट्या:
अंगठा तुमचा आणि दोष बटणाचा? दर वेळी पत्ता भरा, कार्डाचा नंबर टाका, तेवढ्यात सेशन संपलं की पुन्हा पहिल्यापासून, हे विसरलात वाटतं. ॲमेझॉनने 1-क्लिकच्या पेटंटसाठी 1997 मध्ये अर्ज केला, 1999 मध्ये ते मिळालं आणि 2000 मध्ये ॲपलने त्याचा परवाना घेतला. उगाच?

तिरसट:
ते पेटंट हाच मुळात विनोद. मिळून महिना होत नाही तोच ॲमेझॉनने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीवर दावा ठोकला. कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला आणि त्या बिचाऱ्यांना मुद्दाम एक क्लिक वाढवावा लागला. (पुढे वरच्या कोर्टाने तो हुकूम रद्द केला, ते सोडा.) निवांतराव, तुम्हाला हवी ती पायरी तेव्हा कोर्टाच्या कृपेने मिळत होती!

रेघोट्या:
मी असली बटणंच डिझाइन करते, म्हणून राहवलं नाही. 'नक्की ना?'चा फारसा उपयोग नसतो. दहाव्यांदा दिसलं की माणूस न वाचता 'होय' दाबतो. त्यापेक्षा जीमेलसारखं करा. तिथे 'पाठवा' दाबल्यावर मेल 30 सेकंदांपर्यंत थोपवून धरता येते, तेवढ्यात मागे घ्या. ऑर्डरही तशी थांबवता येईल. पण बैठकीत 'एक पायरी कमी करा' हे कायम ऐकते, 'रद्द करणं सोपं करा' असं कुणी म्हटलेलं आठवत नाही. आणि हो, ते बटण तळाशी, अंगठ्याखाली येतं ते योगायोगाने नव्हे.

खटपट्या:
रद्द करण्याबद्दल मी तुमच्याच बाजूने. जर्मनीत 2022 पासून ऑनलाइन घेतलेली वर्गणी बंद करायचं बटण साइटवर ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. तसं सगळीकडे करा की. त्यापायी खरेदीच्या बटणाचा बळी कशाला?

तिरसट:
कारण दोन्ही बटणं एकाच दुकानदाराची. एक हाताशी, दुसरं माळ्यावर.

निवांत:
रेघोट्या, 30 सेकंदांवर तडजोड मान्य. हेडफोन आले. तिसऱ्या 'नक्की ना?'ला कंटाळून रद्द करायचं सोडून दिलं होतं. आवाज चांगला आहे, हीच पंचाईत.