मदत हवी आहे: व्हॉल्व्हच्या प्रोसिजरनंतर जांघेत गाठ

आईची हृदयाच्या व्हॉल्व्हची प्रोसिजर होऊन 12 दिवस झाले. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ आलीये, मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी. फोन केला तर म्हणे "होतं असं, फॉलोअपला दाखवा". फॉलोअप अजून 18 दिवसांनी! गाठ शेकू की बर्फ लावू? "डॉक्टरांना विचारा" सांगू नका, विचारून झालंय.

चकवा: कुठला व्हॉल्व्ह? बलून की क्लिप? रक्त पातळ करायच्या गोळ्या कोणत्या? वय? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

अधिकमास: शेकू नका, चोळू तर अजिबात नका. माझ्या सासऱ्यांना अँजिओग्राफीनंतर असंच झालेलं, तीन आठवड्यांत आपोआप जिरलं.

धागाकर्ती: मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह), क्लिप. वय 76. गोळ्या दोन आहेत, नावं फाईलमध्ये.

जुनी_इकोवाली: (वीस वर्षं इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केलीये, डॉक्टर नाही.) गाठीवर अलगद बोटं ठेवा. आतून ठकठक लागते का? क्लिप शिरेतून नेतात, पण धमनी अगदी खेटून असते. तिला टोचलं गेलं असेल तर बाजूला रक्ताची पिशवी तयार होते. जिरणारी गाठ वेगळी, ही वेगळी. डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केल्याशिवाय कळत नाही. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

गोळ्याबंद: रक्त पातळ करायची गोळी वॉरफेरिन असेल तर पालेभाज्या रोज सारख्याच प्रमाणात खा. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ती तपासणी) सांभाळा.

चकवा: वॉरफेरिनचं नावही कोणी काढलेलं नाही.

सरळमार्गी: म्हणून मी सांगतो, ओपन सर्जरीच बरी. क्लिपचं काय, 2018 मध्ये दोन मोठे अभ्यास आले, मित्रा-एफआर म्हणतो फायदा नाही, कोॲप्ट म्हणतो आहे. काय समजायचं माणसाने?

चकवा: ते हृदय कमजोर होऊन गळणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल होतं, आणि पेशंटही सारखे नव्हते. 76 व्या वर्षी छाती उघडायची जोखीम कोणी घ्यायची, तुम्ही?

अधिकमास: भांडण दुसरीकडे. ताई, ठकठक लागली का?

धागाकर्ती: हो, लागते. आणि एक, गाठीशी संबंध नसेल, पण परवापासून तीन उश्या घेऊन बसूनच झोपते. आडवं झालं की दम. प्रोसिजरनंतर आठवडाभर छान झोपत होती. लघवीही कोऱ्या चहासारखी, मला वाटलं पाणी कमी पितेय.

जुनी_इकोवाली: हे आधी लिहायचं होतं हो! गाठ राहू दे बाजूला. क्लिप व्हॉल्व्हच्या दोन पडद्यांना एकत्र धरते. एक पडदा निसटला की क्लिप एकाच पडद्यावर लटकते आणि गळती परत सुरू. दम त्याचा असू शकतो. गळतीची धार क्लिपवर जोरात आपटली तर तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद होते. आत्ता इमर्जन्सीला न्या, फोन करत बसू नका. इको आणि जांघेचं डॉपलर, दोन्ही मागा. डिस्चार्ज कार्ड, प्रोसिजरनंतरचा इको आणि गोळ्या सोबत घ्या.

सरळमार्गी: सहमत. लगेच निघा.

धागाकर्ती: निघालो.

धागाकर्ती: (रात्री 1:40) क्लिप एका पडद्यावरून सुटलीये. ऑक्सिजन, लघवीचं इंजेक्शन चालू. उद्या परत घशातून नळी घालून इको, मग दुसरी क्लिप बसते का ते ठरवणार. गाठ धमनीचीच निघाली, ती बंद व्हावी म्हणून सोनोग्राफीचा प्रोब वरून दाबून धरलाय. तुम्ही विचारलं नसतं तर मी बर्फ लावत बसले असते.

गोळ्याबंद: पालेभाज्यांचं लक्षात ठेवा.