नव्या विंडोज ११ वरून जुन्या पीसीचा शेअर फोल्डर उघडत नाही (बाकी दोघांवर उघडतोय)

टॉवेलचे_हिशोब:
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथं मी अकाउंट बघतो. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, पण राउटर कुठं ठेवलाय हे ऑफिसात फक्त मला माहीत, म्हणून आयटीवाला पण मीच.

चार मशीन आहेत. माझ्या जुन्या पीसीवर विंडोज १० प्रो. त्यावर 'डिस्पॅच' फोल्डर शेअर केलाय: पॅकिंग लिस्ट, डिझाइनचे फोटो, पार्टीवार एक्सेल. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद, 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल. सहा वर्षं काही तक्रार नव्हती. सोमवारी मालकांनी गोडाउनसाठी नवा पीसी आणला, विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. त्यावर फोल्डर उघडायला गेलं की म्हणतंय, तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीमुळं गेस्ट अ‍ॅक्सेस बंद आहे. कसली पॉलिसी? आमच्याकडं पॉलिसी एकच, साडेदहाला चहा.

पिंग होतंय, म्हणजे मशीनला मशीन सापडतंय. बाकी दोन विंडोज १० वरून फोल्डर उघडतोय. तोवर गोडाउनचा पोरगा पेनड्राइव्ह घेऊन जिना चढतोय-उतरतोय. काल त्यानं जुनीच लिस्ट नेली आणि चाळीस डझनाच्या जागी चौदा डझन बांधून ठेवले. बोलणी मला बसली.

जुना_कॅफेवाला:
नेटवर्क पब्लिक असेल, प्रायव्हेट करा. फायरवॉल बंद करून बघा. तरी नाही झालं तर एसएमबी १ (विंडोजची फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा, आमच्याकडं त्यानंच झालं होतं.

क्रिम्पिंग_काका:
एसएमबी १ ला हात लावू नका, हात जोडतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो त्याच वाटेनं. आणि इथं त्याचा संबंधही नाही, तुमची सगळी मशीन एसएमबी ३ वर बोलतात. फायरवॉल आडवी आली असती तर 'नेटवर्क पाथ सापडत नाही' आलं असतं. तुमचा मेसेज खरं तेच सांगतोय.

पासवर्ड न देता फोल्डर उघडतो याचा अर्थ सगळे जण गेस्ट म्हणून आत शिरताय. २४एच२ पासून प्रो मध्ये एसएमबीच्या देवाणघेवाणीला डिजिटल सही सक्तीची झाली. त्या सहीची किल्ली पासवर्डवरून तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही, मग सही कशानं करणार? रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत) दोन जागी बदल करून हे ढिलं करता येतं, पण पार्टीची बिलं त्या मशीनवर असताना मी तरी करणार नाही.

जुन्या पीसीवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधून एक लोकल युजर करा, 'गोडाउन' म्हणा, पासवर्ड द्या. फोल्डरच्या शेअरिंग आणि सिक्युरिटी, दोन्ही टॅबमध्ये त्याला हक्क द्या. बहुतेक जण सिक्युरिटी टॅब विसरतात आणि मग 'अ‍ॅक्सेस डिनाइड'च्या नावानं खडे फोडतात. त्यानंतर पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू करा. मात्र हे केलं की बाकीचे दोन पीसीही पासवर्ड मागतील. तिन्हीकडं क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड जपून ठेवतं ती जागा) नोंद करून ठेवा. युजरनेमच्या आधी जुन्या पीसीचं नाव आणि उलटी तिरकी रेघ टाका.

टॉवेलचे_हिशोब:
काका, केलं. आता तिन्ही बंद! म्हणतंय, साइन इन करण्याआधी पासवर्ड बदला. आणि बदलायला जागाच देत नाहीये. मालक दोनदा येऊन मागं उभे राहून गेले.

क्रिम्पिंग_काका:
युजर करताना 'पुढच्या लॉगऑनला पासवर्ड बदलावा' ही टिक आपोआप लागलेली असते. नेटवर्कवरून येणाऱ्याला तिथं पासवर्ड बदलता येत नाही, तो दारातच राहतो. टिक काढा, खालची 'पासवर्ड एक्स्पायर होऊ नये' लावा. सांगायला हवं होतं, चुकलंच माझं.

टॉवेलचे_हिशोब:
उघडला! तिन्हीकडं. मालकांनी स्वतः चहा पाजला, तोही साडेदहाच्या आधी.

टॉवेलचे_हिशोब:
परत मीच. दुपारी लाइट गेली, राउटर बंद-चालू झाला, आणि गोडाउनचा पीसी म्हणतोय पाथ सापडत नाही. बाकी दोघांवर चालू आहे.

क्रिम्पिंग_काका:
गोडाउनमध्ये तुमच्या पीसीचं नाव टाकलंय की आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर?

टॉवेलचे_हिशोब:
आयपी. १९२.१६८.१.७. नेटवर्कच्या यादीत माझ्या पीसीचं नाव दिसत नव्हतं म्हणून. आत्ता बघितलं तर ७ वर प्रिंटर बसलाय.

क्रिम्पिंग_काका:
मग राउटरनं चालू होताना आयपी नव्यानं वाटले, आणि गोडाउनचा पीसी बिचारा प्रिंटरच्या दारात उभा आहे. यादीत नाव नसलं तरी दोन उलट्या तिरक्या रेघा मारून नाव हातानं टाइप केलं की बहुधा उघडतं. यादीत दिसावं असं वाटत असेल तर तुमच्या पीसीवर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सर्व्हिस ऑटोमॅटिक करा. क्रेडेन्शियलही नावानं नव्यानं टाका, आयपीला दिलेली नोंद नावाला लागू होत नाही. आणि सवडीनं राउटरमध्ये तुमच्या पीसीचा आयपी रिझर्व्ह करून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही.

टॉवेलचे_हिशोब:
नावानं टाकला, चालू झाला. राउटरचं रविवारी बघतो. पोरगा मात्र पेनड्राइव्ह परत द्यायला तयार नाही, त्यात पिक्चर भरलेत म्हणे.